अक्काने ती फाइल उघडली

३ मार्च, मंगळवार

माफ कर वहीबाई, इतके दिवस तोंड दाखवलं नाही. तोंड राहिलंय कुठे!

शुक्रवारी एक मेल आली. नवा व्हायरस येतोय, कॉम्प्युटर आतून जाळून टाकतो, उपाय सोबत जोडलाय – आपल्या सगळ्या माणसांना ताबडतोब पाठवा. छातीत धस्स झालं. लगेच सगळ्यांना पाठवली. मग बरं वाटलं – चला, आपली माणसं वाचली!

तो उपायच व्हायरस होता.

काल भाच्याचा फोन. "मामा, आईने तुमची फाइल उघडली. आता तिचं काहीच उघडत नाही."

अक्काच्या कॉम्प्युटरमध्ये तिचे विणकामाचे नमुने होते. बाळांची स्वेटरं, टोपडी, मोजे. एकेक टाका मोजून, दुखऱ्या बोटांनी तिने नमुन्यांच्या चौकटी भरल्या होत्या. त्यांचं पुस्तक निघायचं होतं. माझी बहीण म्हातारपणी लेखिका होणार होती.

४ मार्च

जेवण गेलं नाही. सूनबाईने दोनदा विचारलं. पोट बिघडलंय म्हटलं.

५ मार्च, गुरुवार

मुलाला सांगावंच लागलं.

"तुम्ही स्वतः उघडलीत का ती फाइल?"

"नाही."

"का?"

"भीती वाटली."

"मग अक्काआत्याला कशाला पाठवलीत, बाबा?"

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मी जन्मभर ताक फुंकत आलो, आणि दूध बहिणीच्या हातात दिलं – घे, पी!

बाकी कोणाचं काही बिघडलं नाही. धाकट्या भावाचं नाही, व्याह्यांचं नाही. मी म्हटलं, देवाची कृपा. मुलगा म्हणाला, "देव कुठला! तुमची मेल कोणी उघडतच नाही. दहांतल्या अकरा खोट्या असतात. मीसुद्धा न बघता उडवतो. रागावू नका."

रागावलो नाही. बरंच झालं म्हणायचं.

७ मार्च, शनिवार

दुरुस्तीवाला येऊन गेला. माझं यंत्र धडधाकट आहे म्हणे. लाज वाटली.

त्याने समजावलं ते लिहून ठेवतो. 'सगळ्यांना पाठवा' दिसलं की खोटं समजायचं, पुढे ढकलायचं नाही. सोबत फाइल असली तर ओळखीचं नाव बघून भुलायचं नाही, आधी त्या माणसाला फोन करून विचारायचं. "आजोबा, चोर नेहमी पाहुण्याच्याच मागून घरात शिरतो."

गोदामावर पहाऱ्याला होतो तेव्हा चिठ्ठीशिवाय मालकाच्या मेव्हण्यालाही आत सोडलं नव्हतं मी. शिव्या खाल्ल्या, पण फाटक उघडलं नाही. आणि इथे!

अक्का तरी फोन कसा करणार? तिला फोनवर ऐकू येत नाही. म्हणून तर मेल शिकलो आम्ही दोघं.

१० मार्च

नमुने परत मिळणार नाहीत. भाच्याने दोन ठिकाणी दाखवून आणलं. अक्का काही बोलत नाही म्हणाला. सुया पेटीत ठेवून दिल्यात. मला तिची मेल नाही.

बोलली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं.

१३ मार्च, शुक्रवार

न राहवून भाच्याला विचारलं, "अरे, सगळे माझी मेल उडवतात. अक्का एवढी शहाणी, तिने का उघडली?"

तो म्हणाला, "मामा, तुम्ही नुसतं दुसऱ्याचं पुढे ढकलता. कधीतरी खाली स्वतःच्या दोन ओळी लिहाल म्हणून ती प्रत्येक मेल शेवटपर्यंत बघते. या वेळी सोबत काही जोडलेलं दिसलं. तिला वाटलं, पत्र असेल तुमचं."

१४ मार्च

पाठवली. काही जोडलं नाही. एवढंच लिहिलं – अक्का, हे मीच लिहितोय. तुला हवं ते बोल मला, पण लवकर उत्तर लिही गं.