माझा मोडेम उत्तम आहे

७ जानेवारी २०२४, रविवार. संध्या. ५.

नवीन वर्षाचा संकल्प (एक आठवडा उशिरा, पण विचारपूर्वक): कुणाचाही हेवा करायचा नाही.

लगेच परीक्षा. समोरच्या धाकू राणेने नवीन मोडेम बसवला. चार अँटेना. उलटा पडलेला खेकडा दिसतो. धाकू आणि मी एका गावचे, एका शाळेतले, एकाच साली रिटायर झालेले. मुलुंडच्या या बिल्डिंगमध्ये पस्तीस वर्षं समोरासमोर दारं. त्याने माझ्याआधी सायकल घेतली, माझ्याआधी लग्न केलं, माझ्याआधी मोतीबिंदू काढून घेतला. मला कधीच काही वाटलं नाही.

आज चारला जर्मनीहून श्रुतिकाचा व्हिडिओ कॉल. लेक आणि नात, दर रविवारी, नेम. नेहमीसारखा अडकला. जान्हवीचं तोंड उघडं राहिलं ते सहा मिनिटं. तरी चाळीस मिनिटं बोललो. ऐकू येतंय का, आता येतंय का, मी दिसतोय का. सुगंधा म्हणाली, अहो, तो मोडेम बदला आता. मी सांगितलं, आपला मोडेम उत्तम आहे. २०१३चा आहे. तेव्हाचा मालच वेगळा.

८ जानेवारी. सकाळी.

केबलवाल्या माणिकला फोन केला. धाकूपेक्षा मोठा प्लॅन घेतला. माणिक म्हणाला, काका, मोडेमपण बदलायला लागेल ना, जुन्याला एवढा स्पीड झेपत नाही. हे विक्रीचे डावपेच मी ओळखून आहे. फक्त प्लॅन.

१० जानेवारी.

स्पीड मोजला. सकाळी, दुपारी, चहानंतर. होता तेवढाच. दोष मोडेमचा नाही. जिन्यातल्या डब्यात एकच केबल येते, तिथून दोन फाटे: एक माझ्याकडे, एक धाकूकडे. त्याच्या चार अँटेना माझा स्पीड ओढून घेतात. विज्ञान आहे. सुगंधाला समजावलं. ती भाजी निवडत राहिली.

१४ जानेवारी, रविवार.

कॉल ४.०३ ला अडकला. सुगंधा फोन घेऊन सरळ धाकूकडे. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नाही म्हणून घावणे घेऊन गेली, वर नारळाचा रस. सकाळी माझ्या ताटात आलेले घावणे कडेला फाटले होते. त्याचे गोल होते. मी मोजले नाहीत. सात होते.

मी आमच्या दारापाशी खुर्ची टाकून पेपर वाचला. तिकडे हसणं चाललेलं. धाकू ओरडला, मेल्या, येतंस काय? नात विचारता तुका! मी म्हटलं, काम आहे. शब्दकोडं अर्धं राहिलं होतं.

धाकूची बायको जाऊन चार वर्षं झाली. त्याच्या मुलाचा फोन क्वचित येतो. हे सगळं मला ठाऊक आहे. वाईटही वाटतं. म्हणून काय माझी नात घ्यायची?

१५ जानेवारी. संक्रांत.

धाकूला तिळगूळ दिला. गोड बोललो. एक वाक्य.

२० जानेवारी, शनिवार. दुपारी.

प्रयोग. जिन्यातला डबा उघडला आणि पान्याने धाकूची वायर सोडवली. फक्त उद्या पाच वाजेपर्यंत. आता माझा स्पीड दुप्पट होणार.

त्याच दिवशी, चहानंतर.

माझं नेट बंद. वायर परत लावायला गेलो, बसेना. धाकूच्या घरातून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू येतेय. डब्यातल्या वायरींवर नावं लिहायला हवीत. सोसायटीला पत्र टाकतो.

२१ जानेवारी, रविवार.

माणिक संध्याकाळशिवाय येणार नव्हता, त्यामुळे आजचा कॉल पूर्ण धाकूकडे. सुगंधा पाऊण तासाने परतली. जान्हवी त्याला धाकू आजोबा म्हणते म्हणे. तो तिला खिडकीवर येणारा कावळा दाखवतो. कावळ्याला दोघांनी मिळून नाव ठेवलंय. तिच्या वर्गातल्या कुठल्याशा मैत्रिणीचं.

मी सहज विचारलं, माझ्याबद्दल काही? सुगंधा म्हणाली, विचारलं की. आजोबा अजून अडकलेत का, म्हणाली.

पोरीला वाटतं मी आठवडाभर तसाच बसलेलो असतो, तोंड उघडं ठेवून.

साडेपाचला माणिक आला. मी सांगितलं, उंदराचं काम असेल. त्याने डब्यात बघितलं आणि विचारलं, काका, उंदराने पान्याने नट सोडवला? अशा माणसांशी वाद घालू नये.

जेवलो नाही. भूक नव्हती. आमटी काळ्या वाटाण्याची होती, म्हणून थोडी घेतली.

२२ जानेवारी.

मोडेम बदलायचा निर्णय. धाकूशी काहीही संबंध नाही. सहा अँटेनांचा सांगितला. माणिक म्हणाला, दोन खोल्यांना चार बस होतात. मी म्हटलं, सहा.

२६ जानेवारी, शुक्रवार.

बसला. स्पीड बघून माणिकच्याही तोंडून यार निघालं. दिवसभर दार उघडं ठेवलं, हवा खेळती राहावी म्हणून. धाकू झेंडावंदनाहून आला, डोकावला, झकास म्हणाला. हेवा लपवत होता. चांगला लपवतो, अजिबात दिसला नाही.

सुगंधाला बजावलं, परवा कुणी कुठे जायचं नाही. कॉल आपल्या घरी.

२८ जानेवारी, रविवार. संध्या. ५.१५.

नोंद वेळेनुसार करतो.

४.०० कॉल लागला. चित्र आरशासारखं. जान्हवीच्या पुढच्या दातांतली फट दिसली. श्रुतिकाच्या केसांत पांढरं दिसलं. हे कधी झालं?

४.०१ मी विचारलं, बरं आहे ना? श्रुतिका म्हणाली, बरंय बाबा. थंडी? आहे. नाश्ता? झाला.

४.०२ सगळे माझ्याकडे बघतायत. मी त्यांच्याकडे. शाळेबद्दल विचारावं म्हटलं, तर शाळेचं नाव येईना. शाळा कशी आहे, विचारलं. जान्हवी म्हणाली, छान. सुगंधाला हाक मारली. ती म्हणाली, तुमचं होऊ द्या आधी, एवढा मोडेम आणलाय.

४.०४ जान्हवीने धाकूचं नाव काढलं नाही. गुणी पोर. फक्त माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत होती. एवढं स्पष्ट दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

४.०६ उठलो. समोरची बेल वाजवली. धाकूने लगेच दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, टीव्ही बंद. मी म्हटलं, चल, नवीन मोडेम कसा चालतो ते बघ. चपला न घालताच आला.

४.५५ कॉल संपला. एकदाही अडकला नाही. सहा अँटेना शेवटी सहा असतात. मी धाकूच्या शेजारीच बसलो होतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात माझा डावा कान येत होता. अगदी स्वच्छ.