चंद्री म्हैस आणि वडिलांचे पिस्तूल

कोरीट, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, सन १९३४

शालक चुनीलालभाऊ यांना भटूचा रामराम. तुमचे गुडघे कसे आहेत? वडीलधाऱ्यांना दंडवत. इकडे मी मजेत आहे. तुमची बहीण धनुबाई माहेरी येऊन बरेच दिवस झाले, तरी माझे काही अडत नाही. भाकरी करपते, पण करपलेली पचायला हलकी असते म्हणे.

म्हैस मेली एवढे तिने सांगितले असेल. कशी मेली ते माझ्याकडून ऐका. एका शिकारी साहेबाने वडिलांना दिलेले आमचे जुने पिस्तूल तुम्ही पाहिले आहे. (गोळी अंगठ्याएवढी जाड, कमरेला लावले की धोतर सुटते.) वडील गेल्यापासून ते कोणी झाडले नाही, पण दर दसऱ्याला पूजा मात्र यथासांग: हळद, कुंकू, वर तुपाचे बोट. यंदा रानडुकरांनी भुईमूग उकरला, तेव्हा पहाटेच्या गारठ्यात मी मिशीला पीळ देऊन बांधावर गेलो. घोडा ओढला, चाप दाबला. कसले काय! इतक्या दसऱ्यांचे तूप-कुंकू थिजून घोडा वरच्या वर चिकटलेला. डुकराने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा शेंगा खायला लागले. घरी आलो, तूप पातळ व्हावे म्हणून पिस्तूल चुलीशेजारी ठेवले आणि हातपाय धुवायला गेलो. तूप पातळ झाले हो, आणि घोडा आपणहून पडला. गोळी कुडाच्या भिंतीतून थेट गोठ्यात.

तुम्ही आंदण दिलेली चंद्री, भाऊ! पारडू होती तेव्हापासून धनुबाईने वाढवलेली. तिचे डोके मांडीवर घेऊन बसली आणि मला म्हणाली, "डुकरवर वाजनं नही, आन् मन्ही चंद्रीवर वाजनं!" त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. (शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.) फार वाईट वाटते. रिकाम्या दाव्याकडे बघवत नाही, आणि रोज तिथेच जाऊन बसतो.

आपला,
भटू

ता. क. पिस्तूल सरकारजमा केले. त्यावरचे कुंकू पाहून हवालदाराने आधी बूट काढले.

आणखी ता. क. हे पत्र ओसरीवर बसून मोठ्याने वाचा, आत चुलीपर्यंत ऐकू जाईल असे. 'माझे काही अडत नाही' तेवढे मात्र गाळा.