न निघणारा जोडा

मूल, १२ नोव्हेंबर १९५६

पलटणीत पाय गमावलेला दादा पुण्याहून लाकडी पाय लावून आला, आणि तेव्हापासून ओसरीवरच जेवतो आहे. त्या पायाला जोडा पक्का बसवलेला. माय म्हणते, "जोडा घालून चुलीपाशी नाई."

"माय, जोडा काढला तं पायच निघते!"

मग मला हळूच म्हणाला, "यापरीस कुबड्याच बऱ्या होत्या."

मी मायला किती समजावलं. बी.ए. होऊन काय उपयोग?

आज तिने तांब्या आणला आणि उंबऱ्यावर त्याचे दोन्ही पाय धुतले, जोड्यासकट. "चाल आत. भात थंडा होऊन राह्यला."

जोड्याला पाणी लागू द्यायचं नसतं. तरी दादा ओल्या जोड्यानेच उंबरा ओलांडून आत गेला.

आता तो चुलीकडे पाय पसरून जोडा वाळवतो आहे.