हसण्याचा शॉट

२७ सप्टेंबर, सिंदी (रेल्वे)

पोचले एकदाची. नाचणगावहून निघताना आईनं जवसाची चटणी आणि डझनभर पोळ्या अशा बांधून दिल्या, जशी काही मी लढाईवर चालले. चालले होते टीव्हीवर. रोजनिशी शुद्ध भाषेत लिहायची असं ठरवलंय, बघू किती दिवस टिकते.

'आमचं जिनिंग' बंद पडलं तेव्हा मी आठवीत होते. कापसातून सरकी काढायच्या जिनिंगच्या हपिसातले पाच-सहा आळशी लोक आणि त्यांचे घोळ, एवढीच ती मालिका. पण माणसं आपल्यासारखी बोलायची, म्हणून ती लागली की आमच्या गल्लीत कोणी कोणाकडे जात नसे. आता दिवाळीसाठी सगळे जुने कलाकार पुन्हा एकत्र येऊन एक खास भाग करताहेत आणि हपिसातली नवी क्लार्क म्हणून मला घेतलंय. नाटकाच्या स्पर्धेत दोनदा उत्तेजनार्थ मिळालेल्या मुलीला आणखी काय पाहिजे.

शूटिंग त्याच जुन्या जिनिंगमध्ये आहे. मालक ताराचंदशेठ. नवा कापूस यायच्या आत जागा रिकामी करा, असं ते दर तासाला येऊन सांगतात. दिग्दर्शक प्रफुल सर भले माणूस आहेत, फक्त सारखे घाईत. मालिकेतली टायपिस्ट गुंजन माझ्या खोलीत आहे; घोरते, पण स्वभावानं गोड.

सगळ्यात भावले ते वासुदेवराव. मालिकेत ते वजनकाट्यावरचे म्हातारे. जो दिसेल त्याला काट्यावर उभं करायचे आणि ओल्या कापसासारखा वजनातून ओलावा कापायचे, साहेबालाही सोडायचे नाहीत. आज गोदामात गेले तर तिथे एकटेच बसलेले. मला बघून स्वतःच काट्यावर चढले आणि म्हणाले, लिव बेटा, यातले तीन किलो ओलाव्याचे काप. मी पोट धरून हसले. काट्यावर आकडा मात्र शून्यावरून हलला नाही, बिघडला असेल.

एक गोष्ट खटकली. चहावाल्या पंचफुलाबाईंनी सगळ्यांना चहा दिला, वासुदेवरावांना विचारलंसुद्धा नाही. मी माझा कप पुढे केला तर म्हणाले, मले नाई लागत आता.

३० सप्टेंबर

माझा मोठा प्रसंग कळला. नवी क्लार्क वारली अशी चुकीची बातमी हपिसात येते, सगळे मिळून शोकसभा घेतात, आणि ऐन भाषणात ती डबा घेऊन दारात उभी. हसून मरतील लोक.

फोटो पाहिजे होता. माझा भाऊ रजत घरच्या भिंतीवरचा, फ्रेमसकट, घेऊन आला. आईचा लाडका फोटो आहे तो. आई फोनवर चिडली, जित्या माणसाच्या फोटोले हार घालतात काय म्हणे. तेव्हा मी तिला आमच्या धंद्यातला तोडगा सांगितला, प्रफुल सरांकडून ऐकलेला. ज्याच्या फोटोला हार घातला त्यानं लगेच, त्याच जागी, कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. तेवढं टिपून घेतात आणि मग हार काढतात. कितीही घाई असो, तो शॉट कोणी चुकवत नाही. आई जरा निवली.

वासुदेवरावांनी ते मागून ऐकलं असावं. जवळ येऊन म्हणाले, हासल्याशिवाय तिथून हालू नको. परत म्हणाले. मी म्हटलं, आजोबा, हसण्यात माझा हातखंडा आहे.

३ ऑक्टोबर

काल दसऱ्याची सुट्टी होती, आज प्रसंग झाला. काय रंगला. गुंजनचं रडणं बघून कॅमेरावालासुद्धा हसू दाबत खांदे हलवत होता. माझ्या फोटोला झेंडूचा हार, पुढं उदबत्ती, आणि मी दारात डबा घेऊन. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न. यंदाच्या कापसाची पहिली गाडी. ताराचंदशेठ नारळ घेऊन धावले, काटापूजनाचा मुहूर्त टळतो, सामान आत्ताच्या आत्ता हटवा म्हणाले. कॅमेरा उचलला गेला. माझा हसण्याचा शॉट राहिला म्हटलं, तर प्रफुल सर म्हणाले, उद्या सगळ्यात आधी तोच. पाठीवर थाप मारून गेले.

वासुदेवराव काट्याशी डोक्याला हात लावून बसले होते.

४ ऑक्टोबर

पंचफुलाबाईंनी आज मला चहा दिला नाही. मी दोनदा हात पुढे केला. माझ्या शेजारच्याला दिला आणि किटली घेऊन पुढे गेल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते.

प्रफुल सरांना शॉटची आठवण करून दिली. ते कागदातच बघत होते. पुन्हा करून दिली. कागद मिटला आणि माझ्या अंगावरून गेल्यासारखे गेले. फोटोवर हार तसाच आहे.

५ ऑक्टोबर

खोलीत आले तर गुंजन माझे कपडे घडी करून माझ्या बॅगेत भरत होती. रडत होती. ही जुनी मंडळी नव्या पोरीची अशी थट्टा करतात, असं मला वाटलं. मी तिच्या कानाशी जाऊन जोरात हसले.

तिनं अंग चोरलं आणि उठून खिडकी लावली.

७ ऑक्टोबर

आज खरीच शोकसभा झाली. कॅमेरा बंद होता. प्रफुल सर म्हणाले, अपेक्षा मोठ्या गुणाची पोरगी होती. मग सगळे उभे राहिले. मीही राहिले, काय करणार.

नंतर चहावर बोलणं चाललं. लाइटवाला म्हणाला ताप डोक्यात गेला. दुसरा म्हणाला कापसाच्या ढिगात साप होता. गुंजन म्हणाली पवनारच्या पुलाजवळ गाडीनं उडवलं. कोणी पाहिलं नव्हतं. कोणी कोणाला खोटंही पाडलं नाही. गेली, एवढं मात्र सगळ्यांना पक्कं माहीत.

पंचफुलाबाई म्हणाल्या, वासुदेवरावाचंही असंच झालतं. दहा वर्सं झाले, कायनं गेले ते अजून कोनाले सांगता येत नाई.

मी वळून पाहिलं. ते काट्याशी बसलेले. मान खाली.

८ ऑक्टोबर

काट्यावर मी उभी राह्यली. आकडा शून्य. उड्या मारल्या. शून्य.

वासुदेवरावांनी सांगितलं. शेवटच्या भागात त्यांच्या फोटोले हार घातलता. लाइट गेली, त्या वेळचा दिग्दर्शक म्हणाला उद्या घेऊ. उद्या कोनी बोलावलंच नाई. मी म्हटलं, मंग कॅमेऱ्यासमोर जाऊन हसत काऊन नाई तुम्ही. ते म्हणाले, हासू येत नाई बेटा. आधी हासू जाते. मानूस मागून जाते.

मी लगेच हसून पाह्यलं. आलं. थोडं आलं. आवाज नव्हता, पण आलं.

९ ऑक्टोबर

आईले फोन लावला. ती हॅलो हॅलो करत राह्यली. मी ओरडून राह्यली, आई मी हाओ, मी इथंच हाओ. तिनं रजतले विचारलं, तिच्या फोनवरून कोन खेळून राह्यलं रे. मंग रडली. रजतनं फोन कापला.

कॅमेरा चालू असताना मधात जाऊन उभी राह्यली. तोंड ताणलं. दात दाखवले. ते हसनं नाई, मले माहीत हाय —

११ ऑक्टोबर

सामान गेलं. कॅमेरा मुंबईले गेला. फाटकात कापसाच्या गाड्याच गाड्या. फोटो, हारासकट, रजत घेऊन गेला. त्याच्या मागं मागं फाटकापर्यंत —

वासुदेवराव म्हणाले, घरी जाय. दिवाळीले तो भाग लागन, तोच फोटो, तोच हार. त्या वेळेस एखादा कॅमेरा तुह्याकडे वळलेला असला तर हासजो. चालते का नाई, मले माहीत नाई. माह्या घरी कोनी उरलं नव्हतं, म्हनून मी गेलो नाई.

मी म्हटलं, चला माह्यासंगं. ते काट्यावरून उठले नाई.

२१ ऑक्टोबर, नाचणगाव

लक्ष्मीपूजन. रेल्वेत तिकीट कोनी मागितलं नाई.

भिंतीवर मी. आईनं हार बदलला, ताजा झेंडू. समोर अनारशाची बशी. माह्या आवडीचे.

टीव्ही लागला. माही आई समोर बसली, पदर तोंडाशी. रजतनं मोबाइल उचलला, टीव्हीवरच्या ताईचा व्हिडिओ घेऊन राह्यला. मोबाइल इकडे. मी टीव्हीच्या पुढं उभी हाओ. मोबाइल माह्याकडे —

शोकसभा लागली. फोटो. हार. मी दारात डबा घेऊन. अन् आई हसली. खरंच. डोळ्यातून पानी, अन् हसून राह्यली माही आई.

आता. आता हसायचं. आईसारखं. गाल हलून राह्यले. नाई हलून राह्यले —

काटा, ओलावा, तीन किलो. आठव, अपेक्षा. पोट धरून हसलती तू —

रजतचा हात दुखला. खाली घेऊन राह्यला. रजत, थांब ना रे. खाली नको घेऊ. येऊन राह्यलं, आता आलंच, थोडं थां—