होड्यांचा गेम पुन्हा चालू करणे

३ मार्च, सोमवार
बायको तिच्या मोठ्या बहिणीकडे राहायला गेली आहे. थोड्या दिवसांसाठी. हे शब्द माझे. तिचे शब्द होते, मला आता तुझ्याबरोबर राहायचं नाही. रागात माणूस काहीही बोलतो. मी मनावर घेतलेलं नाही. जेवण मात्र गेलं नाही.

४ मार्च, सकाळ
कपाटाच्या वरच्या खणात फ्लॉपी सापडली. होड्यांचा गेम! लग्नानंतर पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा रोज संध्याकाळी खेळायचो. कीबोर्ड एकच, बाकडं एकच. डावीकडची बटणं तिची, लाल होडी. उजवीकडची माझी, निळी. काय हसायची!
योजना पक्की. गेम लॅपटॉपवर चालू करायचा, तिला खेळायला बोलवायचं, ती हसली की विषय संपला. रविवारपर्यंत काम फत्ते.

४ मार्च, दुपार
लॅपटॉपला फ्लॉपी घालायला जागाच नाही. किरकोळ अडचण.

६ मार्च
दुरुस्तीवाल्याकडे बाहेरून जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह निघाला. फ्लॉपीला बुरशी आलीय म्हणाला. ती पुसून घेतली, मग कशीबशी घरघर करत वाचली गेली. एवढं काय आहे हिच्यात, असं त्यानं विचारलं. संसार, मी म्हटलं. बॅकअप ठेवायला हवा होता, म्हणाला. आगाऊ माणूस.

८ मार्च
हा प्रोग्राम तुमच्या कॉम्प्युटरवर चालणार नाही, असं लॅपटॉप म्हणतो. प्रोग्राम बनवणाऱ्याशी संपर्क साधा म्हणे. तो बाबा आता कुठे असेल देव जाणे.
बायकोला फोन केला. मेव्हणीनं उचलला. ती कामात आहे म्हणाली. मागून बायकोच्या बोलण्याचा आवाज येत होता. बोलता बोलताही माणूस काम करतोच की.

९ मार्च, रविवार
काम फत्ते नाही. पण मुदत मीच घातली होती, मीच वाढवतो.

१२ मार्च
जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक प्रोग्राम मिळाला. लॅपटॉपच्या पोटात काळी स्क्रीन, लुकलुकता कर्सर. डोळ्यांत पाणी आलं. स्क्रीनच्या उजेडानं.
गेम सुरू झाला. दोन्ही होड्या दिसल्या आणि खडकावर आपटून फुटल्या. बोट बटणापर्यंत पोचलंही नव्हतं. पुन्हा केलं. पुन्हा फुटल्या.

१३ मार्च
दुरुस्तीवाल्याला फोन. म्हणाला, हे जुने गेम मशीनच्या वेगानं पळतात आणि नवं मशीन फार पळतं. त्या प्रोग्राममध्ये वेगाचा आकडा असतो, तो कमी करत बसा. एवढंच ना! धीर धरणं मला उत्तम जमतं.
दुपारी आकडा कमी केला. होड्या जागच्या हलेनात. वाढवला. फुटल्या. लॅपटॉपवर ओरडलो. शेजारचे काका बेल वाजवून सगळं ठीक आहे ना विचारून गेले.

१५ मार्च
तिचा स्वतःहून फोन!! उद्या उरलेलं सामान न्यायला येते म्हणाली. निमित्त काढलंय, दुसरं काय. लोकरीचे कपडे काढून ठेव म्हणाली. एवढ्या उकाड्यात? मेव्हणीकडे एसी जोरात असणार.

१६ मार्च, सकाळ
जमलं! होड्या अगदी तेव्हासारख्या चालतात. टेबलाला दोन खुर्च्या लावल्या. दाढी केली.

१६ मार्च, संध्याकाळ
आली. गेमचं सुरुवातीचं पिपाणीसारखं संगीत ऐकून हसली. खरंच हसली. बसली, खेळली.
पण तिची होडी वळेचना. प्रत्येक वळणावर खडकात. शेवटी तिनं हात मांडीवर ठेवले. म्हणाली, तू तुझं बटण दाबून धरलंस की माझं चालतच नाही. तेव्हाही असंच व्हायचं.
मग तेव्हाच का नाही सांगितलंस, मी विचारलं. दर वेळी सांगायचे, म्हणाली. तू म्हणायचास, तुला खेळताच येत नाही.
रागावून म्हणाली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. बॅगा घेतल्या, घराची किल्ली टेबलावर ठेवली. विसरली असेल.

१७ मार्च
दोष सापडला! एका कीबोर्डवर बरीच बटणं एकदम दाबली की काही बटणं मशीनला कळतच नाहीत. शुद्ध तांत्रिक कारण. म्हणजे यात माझा काहीच दोष नाही. दुसरा कीबोर्ड आणून जोडला. तिची होडी आता म्हणेल तशी वळते.
लगेच फोन करून सगळं समजावलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी एक खोली भाड्यानं घेतली आहे, शनिवारी राहायला जाते आहे. मी विचारलं, तिथे टेबल आहे का? एका टेबलावर दोन्ही कीबोर्ड मावतात.
ती रडायला लागली. इतकी वर्षं हेच रे, म्हणाली. मी काय बोलतेय, आणि तू काय.
मी फोन कानाला लावून बसलो. बऱ्याच वेळानं तिनं ठेवला.

१८ मार्च
ती परत येणार नाही.
एवढं लिहून चहा करायला गेलो. येऊन वाचलं. खोडायला पेन उचललं. चहा निवला तरी खोडता आलं नाही.