चारास एक

९ ऑगस्ट, रविवार

प्रिय बाईसाहेब,

तू खुशाल असशीलच. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासणाऱ्या माणसाला आजारी पडायला सवड कुठली? इकडे मी बरा आहे. खोकला गेला. स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला. मी काहीही केलेलं नाही, त्यालाच कंटाळा आला असावा.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी काय बोलतो ते तुला ठाऊक आहे. मागच्या रविवारी तू विचारलंस, "अहो, इथली नेमणूक कायमची करून घेता का म्हणून विचारतायत. महिनाअखेर कळवायचंय. काय सांगू?" आणि मी म्हणालो, "सांग, घरी एक जुनं यंत्र आहे, त्याची देखभाल सोडून येता येत नाही." तू नुसतं "बरं" म्हणालीस. एकवीस वर्षांच्या संसारात तुझी नाना तऱ्हेची 'बरं' ऐकली, हे त्यातलं नव्हतं. त्याबद्दल लिहितोच. आधी शाळेचं ऐक.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या गेल्या आहेत. मुख्याध्यापिका बाईंनी मला सद्वर्तन उपक्रमाचा समन्वयक नेमलं. म्हणजे असं, की मूल चुकलं की ओरडायची आपली जुनी रीत बंद. मूल नीट वागलं की तिथल्या तिथे त्याला तसं सांगायचं. हे सगळ्या शाळेने करायचं, अगदी शिपाईमामांपासून खेळाच्या सरांपर्यंत, आणि सगळे करतात की नाही ते मी बघायचं. मी विचारलं, मीच का? बाई म्हणाल्या, "तुमचं मुलांच्या वागण्यावर बारीक लक्ष असतं."

"बाई, ते दोष काढायला असतं."

"मग तेच आता दुसऱ्या बाजूला वळवा." जणू मी टेबलावरचा पंखा.

मुलं मला मागून 'चिमटा' म्हणतात, हे तुला माहीत आहेच. तू तर पुढूनही म्हणायचीस. आता शिक्षकांच्या खोलीत मला 'गोडबोले' म्हणतात. मी आत शिरलो की विज्ञानाच्या बाई हसू दाबत विचारतात, "सर, मी आज वेळेवर आले. मला एक तारा मिळेल का?" खेळाचे सर म्हणतात, "हळू बोला रे, मोजणारे आले." पूर्वी याच खोलीत मी कुणाचीतरी नक्कल करायचो आणि हे सगळे चहाचे कप खाली ठेवून हसायचे. आता मी काही बोललो की आधी एकमेकांकडे बघतात. गोड बोलायला शिकवणाऱ्याने टोमणा मारला तर हसायचं की तक्रार करायची, हे त्यांना ठरवता येत नाही. म्हणून मी डबा खायला माझ्या नव्या कार्यालयात जातो. नकाशांची अडगळ होती ना, ती खोली. समोर फाटलेला समुद्र, शेजारी आस मोडलेला पृथ्वीगोल. संगत वाईट नाही. मध्येच बोलत नाहीत.

उपक्रमाचं मुख्य सूत्र म्हणजे चारास एक. मुलाला एकदा चूक दाखवायची, तर दिवसभरात चार वेळा त्याचं काहीतरी खरोखर चांगलं दिसायला हवं, आणि ते त्याला सांगायला हवं. मी हे फळ्यावर लिहून समजावलं. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मग त्यांनी काय केलं असेल? चार कौतुकं आधीच उरकून टाकायला सुरुवात केली. आगाऊ हप्ता भरावा तशी. परवा विज्ञानाच्या बाई एका पोराला थांबवून म्हणाल्या, "केस छान विंचरलेस. शर्ट स्वच्छ आहे. बूट चकचकीत. उभा किती ताठ राहतोस. आता सांग, प्रयोगशाळेची काच कुणी फोडली?"

मी बाहेर येऊन खूप हसलो. हसता हसता वळून पाहिलं, तर सांगायला कुणी नव्हतं. घरीही तेच. बातम्या बघताना एखादा टोमणा मारतो. तो भिंतीवर आपटतो आणि माझ्याच ताटात येऊन पडतो. "पुरे आता" म्हणणारं कुणी नसलं की कुठे थांबावं ते कळत नाही.

तुझ्या प्रश्नाबद्दल लिहायचं राहूनच गेलं. पान संपलं. (मागची बाजू कोरी आहे, ते तू पाहशीलच.)

तब्येतीला जप.

तुझा,
गोडबोले


१४ ऑगस्ट, शुक्रवार

प्रिय,

परवा तुझा फोन आला. पत्र मिळालं म्हणालीस, हसलीस, आणि मागच्या कोऱ्या बाजूबद्दल काही बोलली नाहीस. मीही नाही. नळ पुन्हा गळायला लागला, एवढं मात्र मी सविस्तर सांगितलं.

काल शाळेत एक गोष्ट घडली. ती कुणाला सांगावी म्हणून फिरत होतो. फाटक्या समुद्राला सांगून पाहिली.

सहावीत एक मुलगी आहे. पाण्याच्या नळापाशी रोज तिचं भांडण. ढकलाढकली, केस ओढणं, एकदा चावलीसुद्धा. उपक्रम सुरू झाल्यापासून मी मधल्या सुट्टीत त्या नळांपाशी उभा असतो. काल तिचा नंबर आला, तिने बाटली नळाखाली धरली, आणि मागे पहिलीतलं एक पोर घसा सुकून खोकत होतं. तिने आपली बाटली बाजूला घेतली आणि त्याला पुढे ढकललं. ढकललंच, पण पुढे.

मला खरंच बरं वाटलं. मी जवळ जाऊन म्हणालो, "तुझा नंबर असूनही तू त्याला आधी पाणी घेऊ दिलंस. मी पाहिलं."

तिने बाटली खाली ठेवली. हात मागे बांधले. मान खाली.

"काय केलं मी?" म्हणाली.

"हेच केलंस. चांगलं केलंस."

"हो, पण पुढचं सांगा ना, सर."

"पुढचं काही नाही गं."

"असतं," ती म्हणाली. "आधी छान म्हणतात, मग असतं. एकदाच काय ते सांगून टाका, म्हणजे मी जाते."

मी शपथेवर सांगितलं की काही नाही. तिचा विश्वास बसेना. घंटा झाली, नळांपाशी कुणी उरलं नाही, ती तशीच उभी. शेवटी मलाच निघावं लागलं. मी वळलो तेव्हा कुठे तिने बाटली भरली, आणि तीही माझ्यावर एक डोळा ठेवून.

आज सभेत मी सगळ्यांना सांगितलं की आपल्या पोरांना कौतुकाची धास्ती बसली आहे. जे चांगलं सांगायचं ते सांगून तिथून निघून जा. ओरडायचं असेल तर नंतर वेगळे या. एका श्वासात दोन्ही नको. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "मग चारास एकचा हिशेब कसा ठेवायचा?" मी म्हटलं, काही दिवस ठेवू नका. विज्ञानाच्या बाई हळूच म्हणाल्या, "सर, हे तुम्ही सांगताय?" त्यात टोमणा नव्हता. त्यामुळे जास्तच लागलं.

कारण त्या पोरीचा प्रश्न मी आधी ऐकला होता. पंधरा दिवसांपूर्वी मी फोनवर तुला म्हणालो, "आज तुझा आवाज किती टवटवीत वाटतोय." तू क्षणभर गप्प झालीस, आणि मग म्हणालीस, "काय झालं? बोला." मी तेव्हा हसलो. वर "बोलायला पैसे पडतात" असंही काहीतरी जोडलं. काल नळापाशी ती पोर मान खाली घालून उभी राहिली तेव्हा मला तुझा तो गप्प क्षण ऐकू आला. तूही हात मागे बांधले असशील का, एवढंच मनात येत राहिलं.

या पत्रात मी तुझं कौतुक करणार होतो. पुष्कळ लिहिण्यासारखं आहे. तू तिथे एकटीने प्रयोगशाळा उभी केलीस, नवशिक्यांना सुई टोचायला शिकवलंस, आणि त्याबद्दल बोलताना तुझा आवाज टवटवीत होतो तो होतोच. पण बघ, हे लिहितानाच मला कळतंय की आता पुढे मी काहीतरी मागणार आहे, आणि तू मान खाली घालून वाट बघत असशील. तेव्हा कौतुक इथेच सोडतो. आज फक्त मागणं.

तू परत यावंस असं मला वाटतं.

कारण म्हणून डबे, नळ, जेवणाचे हाल असलं काही पुढे करत नाही. जेवण जमतं आता. घरात बोलायला कुणी नाही, हेही खरं कारण नाही. बोलायला मला भिंतही चालते. तू नसलीस की मला करमत नाही. एवढंच आहे, आणि एवढं म्हणायला मला दोन पत्रं लागली.

तिथलं काम तुला आवडतं हे मला दिसतं. तू तिथेच राहायचं ठरवलंस तर मी टोमणे मारणार नाही असं वचन द्यायला बसलो होतो, पण खोटं कशाला लिहू? एखाद-दुसरा निसटेल. रुसणार मात्र नाही. सुट्टीत गाडी पकडून येईन, तुझी प्रयोगशाळा बघेन, तिथल्या लोकांसमोर तोंड मिटून बसेन.

'माझ्या एकटेपणाचा तुझ्या निर्णयाशी संबंध जोडू नकोस' असं वर एका ओळीत लिहिलं होतं. मोठं समंजस वाटत होतं. खोडलं.

जोड.

आणि ते कौतुकाचं पत्र मी वेगळं पाठवीन. महिनाअखेर होऊन गेल्यावर, तुझं उत्तर त्यांना जाऊन पोचल्यावर. उत्तर काहीही असो.

तुझाच