डावीकडचा बाण

मी, आंसेल्म मारी कुद्रे, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचा धंदा सरकारी रस्ता-कामगार, राहणार ओझाँव्हिल, बोस प्रांत, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाखाली न येता, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हे मृत्युपत्र लिहितो आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असं नोटरीबाई मादाम लेकुए यांनी सांगितलं.

त्यांनी आणखी एक बजावलं. "कुद्रेकाका, अक्षर न् अक्षर तुमच्या हातचं हवं. दुसऱ्याच्या हातची एक ओळ आली तरी कागद रद्दी." तेव्हा चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाचं हे अक्षर सांभाळून घ्यावं. यापूर्वी एकच मृत्युपत्र लिहिलं होतं, ते रद्द समजावं. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरंही नव्हतं.

कलम १. घर, मागची भाजीची बाग, पोस्टातली शिल्लक आणि घरातलं सगळं सामान माझी एकुलती एक मुलगी सोलांज हिचं. चुलीचं दार लागत नसेल तर खालच्या कोपऱ्यावर हलकी लाथ मारावी. कपाटातले बारा पेले मोजले तर अकरा भरतील. बारावा मी फोडला आणि ओदिलनं मांजरावर घातला. ओदिल माझी बायको, आठ वर्षांपूर्वी गेली. ती तशीच होती, माझं निस्तरायची आणि चकार शब्द काढायची नाही.

कलम २. कबरस्तानाच्या मागून निघून जुन्या पवनचक्कीच्या रस्त्याला मिळणारी तीनशे चाळीस मीटरची वाट मला आईकडून आली. ती मी गावाला देतो. अट एकच, ती कधी नांगरायची नाही. शेजारचा आर्दुआँ दर शरदात नांगराचा एक तास आत सरकतो. विचारलं की म्हणतो, "अरे आंसेल्म, काय करू, ट्रॅक्टर सरळ चालतच नाही बघ." मी म्हटलं, "तीस वर्षं माझ्याच बाजूला वाकडा जातो, एकदा तुझ्या बाजूला जाऊ दे की." तो हसला आणि पुढच्या वर्षी पुन्हा तास आत. त्याला तळघरातली आलुबुखाऱ्याची ब्रँडी, एक बाटली, द्यावी. मात्र वाटेच्या कडेच्या खुंट्या उपटणार नाही असं गावापुढे कबूल केल्यावरच.

एवढ्याशा वाटेसाठी हा जीव का टाकतो, असं लोक विचारतील. ही वाट बंद झाली तर सायकलवाल्याला दोन किलोमीटर मोठ्या रस्त्यानं जावं लागतं. बिटाच्या हंगामात त्या रस्त्यावर साखर कारखान्याचे ट्रक धावतात. रविवारीसुद्धा.

कलम ३. देव्हाऱ्याजवळच्या, म्हणजे ओदिलच्या क्रुसाखालच्या, फडताळात निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. तिच्यात गावाभोवतालच्या चौदा फेऱ्या लिहिल्या आहेत. सर्वांत लहान अठरा किलोमीटरची, मोठी ब्याण्णवची. एकीतही ट्रक भेटत नाही. प्रत्येक रस्त्यावर मी हंगामाहंगामात जाऊन बसलो, मोटारी मोजल्या, आणि तासाला तीनहून जास्त दिसल्या तर तो रस्ता वहीतून खोडला. ही वही जो मागेल त्याला उतरवून घेऊ द्यावी. मूळ वही सोलांजकडे राहावी, जरी ती सायकलला हात लावत नसली तरी.

शहरातली माणसं म्हणतात, बोसमध्ये बघायचं काय, सगळं ताटासारखं सपाट. त्यांना सांगावं, की सपाट आहे म्हणूनच चार किलोमीटरवरची मोटार दिसते आणि तोवर शिट्टी वाजवत जाता येतं. इथला चढ म्हणजे वारा. निघताना तो तोंडावर घ्यावा, म्हणजे दमल्यावर पाठीशी येतो. सावली म्हणाल तर सहाव्या फेरीत एक अक्रोड आणि अकराव्या फेरीत चर्चची भिंत, बस. पाणी हवं असेल तर कोणत्याही गावाचं कबरस्तान गाठावं. फुलांसाठी तिथे नळ असतोच, आणि बाटली भरली म्हणून आतलं कुणी ओरडत नाही. मे महिन्यात कडेच्या गवतात सायकल आडवी टाकू नये, चंडोलाची घरटी असतात.

कलम ४. पत्र्याचा बाणाचा साचा, चुन्याची बादली, दोन कुंचले आणि डांबराचा काळा डबा हे ओझाँव्हिल सायकल मंडळाला, अध्यक्ष फुल्जांस रुवे यांच्या हाती. मंडळाची सहल वर्षातून दोनदा निघते, वसंतात आणि शरदात. आदल्या दिवशी प्रत्येक वळणावर रस्त्यावर पांढरा बाण काढायचा. हे काम १९६१ पासून माझ्याकडे आहे.

अट अशी की नवा पांढरा बाण काढण्याआधी जुन्यावर काळा हात फिरवायचा. आधी, नंतर नाही. फुल्जांस मला टोमणे मारतो, "अरे बाबा, बाण काढायचेत, चर्चचं छत रंगवायचं नाहीये." मारू दे. पण "राहू दे, सगळ्यांना ठाऊक आहे" असं ज्याच्या तोंडून निघेल, त्याच्या हाती साचा देऊ नये.

कलम ५. सायकली दोन. माझी निळी ज्याला तिचं खोगीर सोसेल त्यानं न्यावी. पन्नास वर्षांत ते माझ्या बुडाच्या आकाराचं झालं आहे.

दुसरी हिरवी, मागच्या छपरीत पोत्याखाली आहे. पुढचं चाक वाकलेलं आहे. ते मी सरळ केलं नाही. ही सायकल जेरोमची, माझ्या जावयाची. तिचं काय करायचं ते सोलांजनं पुढचं कलम वाचून ठरवावं.

कलम ६. जेरोम लियोंचा, टेकड्यांतला पोरगा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मला खूश करायला त्यानं सायकल घेतली आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "सासरेबुवा, तुमच्याकडे वळण शोधायला दुर्बीण लागते." मला तो आवडायचा. हे त्याला कधी सांगितलं नाही.

१३ ऑक्टोबर १९८५, रविवार, शरदातली सहल. सकाळी याच टेबलाशी त्याचं आणि सोलांजचं वाजलं. त्याला लियोंला परत जाऊन नोकरी धरायची होती. ती म्हणाली, "जायचंय तर जा, मला कशाला विचारतोस?" त्यानं पाण्याची बाटली भरली आणि निघाला. सगळ्यांच्या मागे पडला, नेहमीसारखा.

पाण्याच्या टाकीपाशी तिठा आहे. मेमधल्या सहलीला आम्ही तिथून डावीकडे गेलो होतो, मोठ्या रस्त्यानं. तेव्हा ट्रक नव्हते. ऑक्टोबरात बीट निघालं होतं, म्हणून मी मार्ग बदलून उजवा घेतला. शनिवारी उजवीकडे नवा बाण काढला. पाऊस भुरभुरत होता, रस्ता ओला, चुना नीट धरेना. डावीकडचा जुना बाण पुसायला काळा डबा उघडला तर रिकामा. घर अडीच किलोमीटर मागे, आणि वारा तोंडावर. मी मनाशी म्हटलं, राहू दे, सगळ्यांना ठाऊक आहे.

आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतंच. आमच्यापैकी कुणी बाणाकडे बघतही नव्हतं. बाण बघून चालणारा आमच्यात एकटा जेरोम होता.

सकाळपर्यंत उजवीकडचा बाण निम्मा धुऊन गेला होता. डावीकडचा लख्ख होता. तो डावीकडे गेला. पुढे एका किलोमीटरवर बिटाचा ट्रक होता. ट्रकवाल्याची चूक नव्हती, त्यानं ब्रेक दाबला होता. तो रस्त्याच्या कडेला बसून रडत होता.

त्या दुपारी मी डांबराचा नवा डबा घेऊन टाकीपाशी गेलो आणि डावीकडचा बाण काळा केला. पोलीस सोमवारी आले. त्यांना एकच बाण दिसला, उजवीकडचा, पुसट. त्यांनी लिहिलं, सायकलस्वार वाट चुकला. गावातली माणसं म्हणाली, परका पोरगा, त्याला डावं-उजवं काय कळणार. मी तिथेच उभा होतो आणि मी ते म्हणू दिलं.

डावीकडचा रस्ता स्टेशनाला जातो. सोलांजच्या मनानं घेतलं की तो सहल सोडून स्टेशनाकडे निघाला होता, तिला सोडून. पाकीट खिशात सापडलं, म्हणून तर तिची खात्रीच झाली. पाकीट त्याच्या खिशात नेहमीच असायचं. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. औषधाच्या दुकानात नोकरी केली, दर रविवारी माझ्याकडे जेवायला आली, आणि "मला कशाला विचारतोस" हे तीन शब्द एकोणतीस वर्षं उराशी धरून बसली. मी तिच्यासमोर बसून सूप पीत होतो.

ओदिलनं त्या दिवशी माझ्या बाहीवरचं डांबर रॉकेलनं काढलं. विचारलं काहीच नाही. पण त्यानंतर माझा अंगरखा तिनं कधी घरच्या कपड्यांत भिजवला नाही.

वहीतल्या चौदा फेऱ्या मी यानंतर आखल्या. लोक त्यासाठी माझं कौतुक करतात. गावानं एकदा पदकही दिलं. ते शेगडीजवळच्या डब्यात आहे, परत करावं.

इथवर लिहून कागद लखोट्यात घातला होता. मी मेल्यावर नोटरीबाईंच्या कचेरीत, त्यांच्या गोड आवाजात, हे सोलांजला ऐकू आलं असतं. मग ध्यानात आलं, हाही पुन्हा तो रिकामा काळा डबाच. आपण निघून जायचं आणि मागच्यानं वळणावर काय ते समजून घ्यायचं.

सर्व संतांच्या सणाला, एक नोव्हेंबरला, ती शेवंतीच्या कुंड्या घेऊन आली. दोन कबरींवर दोन ठेवून आम्ही घरी आलो. तिनं कोट काढला, मी लखोटा काढला आणि कलम सहा वाचून दाखवलं. तिला कागदावर लिहू देता येत नाही, म्हणून ती जे बोलली ते मीच माझ्या हातानं इथे लिहितो.

बराच वेळ ती टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत होती. मग म्हणाली, "बाण स्पष्ट होता?"

"स्पष्ट होता. मेमध्ये मी दोन हात दिले होते."

"चुकूनसुद्धा उजवीकडे गेला नसता असा?"

"बाण बघून चालणारा गेला नसता."

"म्हणजे तो चुकला नव्हता, बाबा."

"नाही. तो बरोबर वळला."

तिनं कोट घातला. दाराशी थांबून विचारलं, "आईला ठाऊक होतं?"

"असावं."

"आणि तुम्ही दोघं मला दर रविवारी वाढत होतात," एवढं म्हणून ती गेली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

नऊ तारखेच्या रविवारी ती आली नाही. फुल्जांस सांगत आला, "तुझी सोलांज टाकीच्या तिठ्यावर गाडी उभी करून रस्त्याकडे बघत होती रे. काही हरवलंय का तिचं?" त्या रस्त्यावर तेव्हापासून चार वेळा डांबर पडलं आहे. त्यातले दोन थर मीच घातले.

कलम ७. कबरस्तानात नळाजवळची, ओदिलशेजारची जागा मी घेऊन ठेवली होती. जेरोम त्याच रांगेत आहे. आता मला कुठे ठेवायचं ते सोलांजनं ठरवावं. त्या रांगेत नको म्हणाली तर पलीकडच्या भिंतीशी, कुणी वाईट वाटून घेऊ नये, वाद घालू नये. तिनं मला माफ केलं असं या कागदावरून कुणी समजू नये. तिनं तसं म्हटलेलं नाही आणि मी मागितलेलं नाही.

साक्षीदारांची अशा कागदाला गरज नाही, तरी मला हवे आहेत. फुल्जांस रुवे आणि बेर्त्रां आर्दुआँ यांना मी कलम सहा आज सकाळी वाचून दाखवलं. फुल्जांसनं टोपी काढली. आर्दुआँ म्हणाला, "खुंट्या राहू देत." दोघांच्या सह्या वेगळ्या कागदावर आहेत, इथे फक्त नावं.

ओझाँव्हिल, रविवार, १६ नोव्हेंबर २०१४. साडेबारा वाजले आहेत. दोन ताटं मांडली आहेत.

वरचं अक्षर न् अक्षर माझ्या हातचं आहे. ते दोन्ही बाणही.

सही: आंसेल्म कुद्रे